साडेचार महिन्यांच्या मुलीला पुस्तक वाचून दाखवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

बाबा_अंबड

मंडळी, मुलगी साडेचार महिन्यांची आहे. साडेतीन महिन्यांच्या लसीला नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी वजन केलं, टाळू बघितली आणि फाइलवर लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, "वाचून दाखवता ना हिला रोज?" मला वाटलं लसीकरणाचं कार्ड वाचायला सांगतायत. म्हटलं, कोणाला? "अहो हिला, बाळाला." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला, त्याचं पोरगं सुई दिसायच्या आधीच किंचाळायला लागलेलं, त्यामुळे पुढचं काही विचारता आलं नाही.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर आहे. वाचनाचा आणि माझा संबंध आयटीआयनंतर जॉबचं ड्रॉइंग वाचण्यापुरता. तरी म्हटलं, डॉक्टर सांगतायत तर करू. कॉलेज रोडवरून जाड पुठ्ठ्याचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, प्राण्यांचं. तिला मांडीवर घेतलं, पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने म्हटलं, "काऊ!" आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कुठंय कावळा? खिडकी लाव!" पोरगी माझ्या मिशीकडे बघत होती. दुसरं पान, "डॉग". मिशीच. तिसऱ्या पानाला तिने पुस्तकाचा कोपरा दोन्ही मुठींत धरला, तोंडात घातला आणि इतका मन लावून चोखला की त्या मांजराला आता एकच कान आहे. दुसऱ्याचा लगदा झाला होता, तो बोट घालून तिच्या तोंडातून काढला.

तर विचारायचं असं की ती पुस्तकाकडे बघतच नाही, मग याला वाचणं म्हणायचं का? भाषा कुठली धरायची? घरात मी आणि आई मराठी बोलतो. बायको आणि सासूबाई आपसात अहिराणी, माहेर सटाण्याकडचं आहे. मेव्हणी पुण्याहून फोन करून सांगते की आत्तापासून इंग्रजी कानावर पडलं नाही तर शाळेत मागे पडेल. टीव्हीवर यूट्यूबच्या गोष्टी लावल्या तर चालेल का? त्या बाईचे उच्चार माझ्यापेक्षा नक्की चांगले आहेत. शिवाय सेकंड शिफ्ट असली की मी घरी येतो रात्री साडेबाराला, तेव्हा ती झोपलेली असते, मग वाचायचं कधी?

आणि खरं सांगू का, लाज वाटते. समोरच्या गॅलरीत शेजारचे काका कपडे वाळत घालत असतात आणि मी इकडे साडेचार महिन्यांच्या पोरीला हत्तीची माहिती देतोय. आई म्हणते, "तिला काय कळतंय? उगाच घसा कोरडा करू नको."

ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा. पुस्तकांच्या लिंका नकोत.

पाथर्डी_फाटा

आम्हाला कोणी वाचून दाखवलं होतं हो? वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये, आई दिवसभर घरकामात. झालोच ना मोठे, लागलोच ना नोकरीला. फॅडं आहेत सगळी. आधी गर्भसंस्काराच्या सीडी विकल्या, आता हे. पाच वर्षांनी डॉक्टर विचारतील, बाळाला ईमेल पाठवता ना रोज?

वेलांटी

बाबा_अंबड, तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

मी इथल्याच एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. मोठ्याने वाचण्याचा मी पगार घेतलेला आहे, तेव्हा मला या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो. जुन्या काळी प्रुफं एकट्याने तपासत नसत. एक जण मूळ कागद घेऊन मोठ्याने वाचायचा, त्याला कॉपीहोल्डर म्हणत. दुसरा समोर ओलं प्रूफ ठेवून पेन धरून बसायचा. मी सुरुवातीला कॉपीहोल्डर. वाचायचं म्हणजे कागदावरचं सगळं वाचायचं: "महापालिकेने, लि पहिली, स्वल्पविराम, पाणीपट्टी, दोन्ही दुसऱ्या, वाढवण्याचा निर्णय घेतला आहे, पूर्णविराम, नवा परिच्छेद." ओळ संपली की थांबायचं. समोरचा "हं" म्हणाला की पुढची ओळ. "हं" आला नाही तर पुढे जायचं नाही, याचा अर्थ तो कुठेतरी अडकलाय.

हे लक्षात ठेव, याच्यावर परत येतो.

नातीला वाचायला लागलो तेव्हा ती तुझ्या पोरीपेक्षाही लहान होती. सूनबाई नोकरीवर परत रुजू झाली आणि सकाळची पाळी माझ्याकडे आली. माझ्या हातात त्या वेळेला असतो पेपर, म्हणून पेपर. अख्ख्या पेपरात तिला काय आवडलं असेल तर बाजारभाव. "लासलगाव, लाल कांदा, किमान, कमाल, सरासरी. पिंपळगाव, लाल कांदा, किमान, कमाल, सरासरी. येवला, मनमाड, सटाणा." शब्द तेच, चाल तीच, गाव तेवढं बदलतं. "सरासरी" आलं की पाय झाडायची. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हेही तिने आवडीने ऐकलं. अग्रलेखाला मात्र एकदाही पाय हलवला नाही, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही.

गंमत सोड, पण एवढ्याशा बाळाला अर्थ नको असतो. तिला हवी असते चाल. तेच तेच परत येणं, आवाज वर जाणं, खाली येणं, आणि मध्ये थांबणं. यातलं थांबणं लोक करतच नाहीत. एका दमात पुस्तक संपवतात आणि मग म्हणतात, बाळाला रस नाही. एक ओळ वाच. थांब. तिच्याकडे बघ. ती काहीतरी करेल. "अग्गू" म्हणेल, भुवया वर करेल, लाथ मारेल, मिशी ओढेल. तो तिचा "हं". मग पुढची ओळ. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि आपल्याला तेवढी शांतता सोसत नाही, आपणच पुढचं बोलून टाकतो. मनात सावकाश पाच म्हण. तरी काही आलं नाही तर तीच ओळ परत.

मिशीकडे बघते ते उत्तम आहे. या वयात चेहऱ्याइतकं बघण्यासारखं दुसरं काही नसतं, आणि आवाज कुठून निघतोय ते ती बघतेय. पुस्तक तुमच्या दोघांच्या मध्ये भिंतीसारखं धरू नकोस, खाली किंवा कडेला धर म्हणजे झालं.

आता चोखणं. हातात आलेली वस्तू तोंडात घालून तपासणं हेच तिचं काम आहे सध्या, त्यावर रागवू नकोस. पण तोंडात काय जातंय ते बघ. वर्तमानपत्र तिच्या हाती कधीही देऊ नको. मी शाईच्या वासात आयुष्य काढलंय. आमच्या वेळी शिशाचे खिळे होते, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे, ते जुळवणारी जुळारी मंडळी डबा उघडायच्या आधी हात खसाखसा साबणाने धुवायची. शिसं गेलं, ऑफसेट आलं, तरी छपाईची शाई ती शाईच. वर्तमानपत्रात खायचे पदार्थ बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बजावलेलं आहे. गरम भजी चालत नाहीत तर बाळाच्या हिरड्या कशा चालतील? पेपर माझ्या हातात, ती माझ्या मांडीवर आणि तिच्या हातात धुतलेली रबरी रिंग, अशी आमची व्यवस्था होती.

सहा-सात महिन्यांपुढे बाजारभाव पुरला नाही. तिला हात घालायला, पान ओढायला, बघायला काहीतरी हवं झालं. मग चित्रांचं पुस्तक, आणि तेही एकच. आपल्याला वाटतं रोज नवं हवं. त्यांना तेच हवं असतं, पुढच्या पानावर काय येणार हे माहीत असण्याचा आनंद त्यांना फार. नऊ-दहा महिन्यांच्या पुढे मुलं बोट दाखवायला लागतात. तिथून पुढे मजकूर सोडायचा आणि बोटामागे जायचं. पानावर छापलंय राजा शिकारीला निघाला, आणि ती कोपऱ्यातल्या मुंगीवर बोट ठेवतेय, तर त्या दिवशीची गोष्ट मुंगीची. मूळ प्रतीशी इमान राखण्यात माझी हयात गेली, तरीही सांगतो.

पाथर्डी_फाटा, तुमच्या घरात आजी होती का? दुपारी पोथी वाचायची का? आणि ती मनात वाचायची की मोठ्याने? आपल्याकडे पोथी मोठ्यानेच वाचायची रीत, आजूबाजूला पोरं लोळत असायची, कोणी झोळीत असायचं. दळताना ओव्या, झोपवताना पाळणा, देवाजवळ आरती. तुम्हाला कोणी वाचून दाखवलं नाही असं तुम्हाला वाटतंय एवढंच. आता वन बीएचकेत एक आई आणि एक फोन, दोघांपैकी एक सतत बोलतो आणि तो फोन असतो.

लाजेबद्दल काय बोलू? आम्ही भर कचेरीत टेंडर नोटिसा सुरात म्हणायचो.

सटाण्याची_लेक

दादा, तुमच्या सासूबाईंना मोकळं सोडा. माझं माहेर त्याच बाजूचं. माझी आई शाळेत गेलेली नाही, अक्षर येत नाही. पण माझ्या मुलाला घेऊन ती रोज पुस्तक "वाचायची", अहिराणीतून, चित्रावरून. पुस्तक कधी कधी उलटं धरलेलं असायचं. एकाच चित्रावर रोज वेगळी गोष्ट, बैल आज आमच्या मळ्यातला तर उद्या मामाच्या. एकदा मी म्हटलं, आई, तो बैल नाही, गेंडा आहे. म्हणाली, असू दे, त्याचं एक शिंग कुठे गेलं तेच सांगतेय मी त्याला.

मुलगा आता साडेतीन वर्षांचा. आजीशी अहिराणी, माझ्याशी मराठी, खालच्या मजल्यावरच्या मुलांशी हिंदी. कोणाशी काय बोलायचं हे त्याचं त्याने ठरवलंय.

पुठ्ठ्याची पुस्तकं महाग पडतात आणि तुमच्या मांजरासारखी त्यांची वाट लागते. आम्ही कापडी केलं. जुनं सुती पातळ चौकोनी कापून, गोधडीसारखे आत दोन थर घालून पानं केली, त्यावर ब्लाउजपीसच्या तुकड्यांची चित्रं. लाल मिरची, पिवळा सूर्य, पांढऱ्या पानावर काळी म्हैस. म्हशीवर त्याची नजर सगळ्यात आधी ठरली, मिरचीला नंतर भाव आला. धावदोरा बारीक घाला, टाका मोठा राहिला की त्यात बोट अडकतं. बटण, मणी, टिकली असलं काहीही लावू नका, चावून निघतं आणि घशात जातं. डोळे काढायचे तर दोऱ्याने भरा. नवं रंगीत कापड असेल तर ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग उतरला तर ते वापरू नका. तुकडे शिंपी असेच देतो, फक्त सुती मागा. खराब झालं की लंगोटांबरोबर धुवायचं.

वाचा_श्रवण

मी वाचा आणि श्रवण उपचार क्षेत्रात काम करते. काकांनी "हं" चं जे सांगितलं ते पालकांच्या अंगवळणी पाडायला आम्हाला बैठकांवर बैठका घ्याव्या लागतात. त्यात मी भर घालत नाही. राहिलेल्या प्रश्नांकडे येते.

यूट्यूबचं आधी. सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा अभ्यास आहे. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर मँडरिन चिनी बोलणारी माणसं बसवली. त्यांनी बाळांना खेळवलं, पुस्तकं वाचून दाखवली, अशा बारा बैठका. शेवटी त्या बाळांना चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले. दुसऱ्या गटाला तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. ती बाळं बघत बसली आणि शिकली काहीच नाही. तेव्हा त्या बाईंचे उच्चार कितीही शुद्ध असोत, त्या तुमच्या मुलीच्या "अग्गू" ला उत्तर देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन अजिबात नको असं सांगितलंय, आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. मावशीशी व्हिडिओ कॉल चालेल. त्यात मावशी इंग्रजीचा आग्रह धरेल, ते तुमचं तुम्ही बघा.

भाषा जी तुमच्या तोंडात सहज आहे ती. दोन किंवा तीन भाषा ऐकल्याने बाळ उशिरा बोलतं ही समजूत चुकीची आहे. ज्या भाषेत तुम्ही अडखळता तिच्यात तुम्ही कमी बोलता, आणि कमी बोलणं हेच नुकसान.

पाथर्डी_फाटा, सीडीच्या धंद्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. पण बाळाला काहीच कळत नाही हेही खरं नाही. १९८६ मध्ये डिकॅस्पर आणि स्पेन्स यांनी काही गरोदर बायकांना शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर त्या बाळांना खास चोखणी दिली, चोखण्याची लय बदलली की ऐकू येणारी गोष्ट बदलायची. बाळांनी पोटात ऐकलेली गोष्ट निवडली. अर्थ कळला होता असं कोणी म्हणत नाही, बाळ त्याने हुशार झालं असंही नाही. चाल ओळखीची होती. काकांच्या नातीने "सरासरी" ला पाय झाडले, तसंच.

आणि डॉक्टरांनी विचारलं ते हवेतून आलेलं नाही. बॉस्टनमध्ये १९८९ पासून काही डॉक्टर तपासणीला आलेल्या बाळाला पुस्तक द्यायला लागले, ते तिथे देशभर पसरलं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तान्हेपणापासून वाचून दाखवायला सांगा असं आपल्या डॉक्टरांना अधिकृतपणे कळवलं. आपल्याकडे पुस्तक देत नाहीत, निदान विचारलं तरी.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. मिशी बघून खूश होणारं बाळ नीट बघतंय एवढंच सिद्ध होतं. ऐकतंय हे त्यातून कळत नाही, आणि हसऱ्या, नजर देणाऱ्या बाळांचं श्रवणदोषाचं निदान याच कारणाने राहून जातं. म्हणून अधूनमधून तिला दुसऱ्या कोणाच्या मांडीवर द्या, तिला दिसणार नाही असे मागे उभे राहा आणि तिथून वाचा. आवाज आला की थबकते का, चोखणं थांबवते का, मान वळवायला बघते का? सहा महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेने मान वळायला हवी. नऊ-दहा महिन्यांपर्यंत "बाबाबा", "दादादा" असं ओळीने यायला हवं. नाही आलं तर "आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. जन्मानंतर ओएई, म्हणजे कानांची तपासणी करणारी चाचणी झाली असेल तर तो कागद शोधून ठेवा. झालीच नसेल तर आत्ता करून घ्या. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक धरतात. वेळ जाण्यासारखी गोष्ट नाही ही.

पाथर्डी_फाटा

आजी होती. पोथी मोठ्यानेच वाचायची. मुद्दा घेतला. ईमेलचं मात्र मी मागे घेत नाही.

बाबा_अंबड

काका, ताई, सगळ्यांना एकत्रच लिहितो, कामावर निघायचंय.

ओएईचा कागद फाइलमध्ये सापडला, दोन्ही कानांपुढे पास लिहिलंय. तरी बायकोच्या मांडीवर देऊन मागून बोलून बघितलं. पहिल्यांदा नुसती थबकली, नंतर मान फिरवायला लागली. बरं वाटलं.

पेपर आमच्याकडे येत नाही. मग मला तोंडपाठ काय येतं याचा विचार केला, तर मशीनचा प्रोग्राम. "जी झिरो झिरो, एक्स पन्नास, झेड दोन. जी झिरो वन, झेड वजा वीस, एफ झिरो पॉइंट टू." ओळ म्हणायची, थांबायचं. दोन-तीन ओळींपर्यंत काही नाही, नुसती बघत राहिली. मग मी परत "जी झिरो" म्हटलं आणि तिने तोंडाचा चंबू करून "ऊऽ" काढला. मी थांबलो, तिने परत काढला. शेवटी "एम थर्टी" म्हणून प्रोग्राम बंद केला तर रडायला लागली. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे काय मंत्र म्हणतोस पोरीसमोर, त्यापेक्षा मी म्हणते," आणि तिला उचलून घेऊन गेली. आता ती तिच्या पद्धतीने सुरू आहे, देवाच्या नावांपासून भाज्यांपर्यंत. सासूबाईंनी जुनं पातळ कापायला काढलंय.

दोन गोष्टी राहिल्या. पुढच्या महिन्यांसाठी मराठी पुस्तक घ्यायचं तर नाशकात काय बघून घ्यायचं? आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी मोबाइलवर माझा आवाज रेकॉर्ड करून ठेवू का, संध्याकाळी बायको लावेल. असेच आशिर्वाद असू द्या.

वेलांटी

आशीर्वाद. शी दुसरी. सवय जात नाही, माफ कर. आहेत, भरपूर आहेत.

जी झिरो झिरो छानच. माझ्या बाजारभावापेक्षा सरस, कारण तुला पाठ आहे, म्हणजे तुझी नजर कागदावर नाही, तिच्यावर आहे.

पुस्तकाचं. लिंका नकोत म्हणालास ते बरं केलंस, बाळाचं पुस्तक हातात घेतल्याशिवाय घेऊ नये. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स या तिघांची पुस्तकं माग, ती परवडणारीही आहेत. एका पानावर एकच मोठं चित्र असलेलं बघ, गर्दीची चित्रं दीड-दोन वर्षांनंतर. आणि दुकानातच उभ्या उभ्या एक पान मोठ्याने वाच. दुकानदार बघेल, बघू दे. जीभ अडखळली तर पुस्तक परत ठेव. इंग्रजीवरून घाईघाईने मराठी केलेली बालपुस्तकं बाजारात खूप आहेत. डोळ्यांना ती बरी दिसतात, पण जीभ लगेच पकडते.

पैसे घालायचे नसतील तर प्रथमचंच स्टोरीवीव्हर म्हणून आहे, २०१५ पासून. त्यावर मराठी चित्रपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात आणि छापायलाही परवानगी आहे. मोबाइलवरून वाचू नको, तिचं लक्ष फोनवर जाईल. रंगीत प्रिंट काढ. लॅमिनेशन केलंस तर कोपरे कात्रीने गोल कर, ते टोचतात आणि डोळ्याच्या उंचीवर असतात.

आणि तुझ्यासाठी म्हणून सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घे. १८४० पासून उभं आहे ते, तुझ्यासाठी थांबलंय असं समज. तिथलं पुस्तक पोरीच्या हातात द्यायचं नाही, ते फक्त तुझ्या हातात. कवितांचं आण. कुसुमाग्रजांच्या गावात राहतोस आणि अजून कविता मोठ्याने वाचली नाहीस म्हणजे काय! कवितेत ओळ आपोआप थांबते, तुला वेगळं थांबायला लागणार नाही. कंपनीत वाचणारे पाच-दहा जण जमले तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या "ग्रंथ तुमच्या दारी" ची चौकशी कर, २००९ पासून त्यांच्या शंभर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरतात. पण ते नंतरचं.

रेकॉर्डिंग करू नको. फोन तिच्या "हं" साठी थांबणार नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तू सकाळी घरीच असतोस. रात्री उशिरा आलेला असतोस, झोप अर्धवट झालेली असते, ते कळतं. पण तिची मालिश-अंघोळ व्हायच्या आधीची वेळ पकड, अंघोळीनंतर ती झोपणार. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, डोळे टक्क उघडे, अशी दहा मिनिटं मिळतात. पाचच मिळाली तर पाच. तिने तोंड फिरवलं, डोळे चोळले की त्या दिवसाचं एम थर्टी, मग पुस्तक कुठल्याही पानावर असो.